सोलापूर परिसरातलं लष्करी बांधकाम: पर्यावरण मंजुरीची तयारी जागा ठरतानाच कशी करावी

"संरक्षण खात्याचं काम आहे, त्याला पर्यावरण मंजुरी कशाला?" हे वाक्य जागा पाहणीच्या बैठकीत हमखास येतं. त्यावर कुणी हरकत घेत नाही, आराखडा पुढे सरकतो आणि निविदेच्या तोंडावर फाइल अडते. तेव्हा सवलत नेमकी किती मिळते, ते आधी पाहू.

१४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली निघालेली आहे. देशाच्या संरक्षणाशी निगडित किंवा केंद्राने सामरिक ठरवलेल्या प्रकल्पांना तिच्यात जनसुनावणीतून वगळलं आहे. अर्ज, छाननी, अटी आणि सहामाही अहवाल यांतून त्यांना वगळलेलं नाही. त्यातही गंमत अशी की इमारत बांधकामाच्या वर्गाला एरवीही जनसुनावणी लागत नाही. त्यामुळे बराकी आणि क्वार्टर बांधताना या सवलतीने तुमच्या हाती फारसं काही लागत नाही. सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या रस्त्यांना मिळालेली सूट सोलापूरला लागू होण्याचा प्रश्नच नाही. नव्या अधिसूचनेच्या २०२० च्या मसुद्याचा आधार अजूनही काही टिपणांत दिसतो. तो मसुदा अंतिम झालेला नाही, त्यामुळे त्यातलं एकही कलम फाइलला जोडू नका.

राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहती आणि छावण्यांची कामं करणाऱ्यांनी तर जास्तच जपून राहावं. गणवेश आणि शस्त्रागार आहे म्हणून पोलीस छावणी आपोआप "संरक्षण प्रकल्प" होत नाही. तसं केंद्राने ठरवावं लागतं, आणि ठरवल्याचं पत्र फाइलमध्ये असावं लागतं.

आधी क्षेत्रफळ, मग बाकी सगळं

अधिसूचनेच्या अनुसूचीतल्या दोन नोंदी इथे कामाच्या आहेत. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त, पण १,५०,००० च्या आत असेल तर ८(ए). १,५०,००० किंवा त्याहून जास्त बांधकाम, किंवा ५० हेक्टर आणि त्यावरचा क्षेत्रविकास असेल तर ८(बी). ८(ए) ची छाननी अर्ज आणि संकल्पना आराखड्यावर होते. ८(बी) ला आधी अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून घ्यावी लागते आणि पूर्ण मूल्यांकन अहवाल द्यावा लागतो.

चूक होते ती मोजणीत. एफएसआयचं (चटई निर्देशांकाचं) क्षेत्र इथे चालत नाही. सगळ्या मजल्यांचं छताखालचं क्षेत्र, तळघर आणि सेवाक्षेत्रं धरून मोजायचं असतं. समजा ४० हेक्टरवर एका युनिटची छावणी उभी करायची आहे. २०० क्वार्टर, प्रत्येकी ७५ चौरस मीटर, म्हणजे १५,०००. ४०० जवानांच्या बराकी, माणशी ८ चौरस मीटरने ३,२००. बेरीज १८,२००, आणि सगळ्यांना वाटतं आपण सुटलो. मग लंगर (जवानांचं स्वयंपाकघर), मेस, वाहनांच्या शेड, भांडार, क्वार्टर गार्ड (पहाऱ्याची चौकी), एमआय रूम (दवाखाना), सबस्टेशन, पंपघर आणि झाकलेलं पार्किंग यांचे ४,००० मिळवले की आकडा २२,२०० वर जातो आणि मंजुरी लागते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे काम दोन टप्प्यांत तोडणं. तो टिकत नाही. छावणीच्या एकूण मांडणीच्या झोनल आराखड्यात दोन्ही टप्पे एकाच कागदावर असतात, आणि अर्ज छाननारी तज्ज्ञ मूल्यांकन समिती पहिल्याच बैठकीत तोच कागद मागते. त्याच जागेवर जुन्या इमारती असतील तर विस्ताराच्या हिशेबात त्याही येतात. तुकडे पाडून वाचवलेला वेळ उल्लंघनाच्या प्रकरणात दुपटीने जातो.

फायरिंग रेंज आणि प्रशिक्षण मैदानामुळे जागा ५० हेक्टरच्या आसपास जात असेल तर विकसित होणारा भाग आणि जसाच्या तसा राहणारा माळ नकाशावर पहिल्या दिवसापासून वेगळ्या रंगात दाखवा. त्या ५० हेक्टरची गणना कशी धरणार, हे मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडून लेखी घ्या. तोंडी सल्ल्यावर अख्खा आराखडा उभा करू नये.

२०,००० च्या आत राहिलात तरी वन, वन्यजीव, झाडं आणि पाणी यांचे कायदे क्षेत्रफळ पाहत नाहीत.

सातबारा वाचताना

जमीन "पडीक" किंवा "गायरान" लिहिलेली असली की निम्मे लोक तिथेच वाचन थांबवतात. पुढचं वाचा: इतर हक्काचा रकाना, जुने फेरफार, गटाच्या नकाशावरची वनहद्द. त्यानंतर उपवनसंरक्षक कार्यालयाकडून गटनिहाय लेखी पत्र घ्या. १९९६ च्या गोदावर्मन निकालानुसार वन म्हणजे केवळ अधिसूचित वन नव्हे, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन तेही, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच अर्थ तूर्त कायम ठेवला.

वन संरक्षण कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सुरक्षाविषयक पायाभूत कामांसाठी १० हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीला सूट दिली आहे. ही सूट अटींसह आहे, झाडांच्या भरपाईची अटही त्यात येते. ११ हेक्टर लागत असतील तर "१० सूट आणि १ अर्ज" असा हिशेब मांडू नका. अशा वेळी आराखडा आवळून १० च्या आत आणणं हेच सगळ्यात स्वस्त पडतं.

नाल्याच्या कडेची जागा असेल तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषा घ्या. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सीना आणि भीमेकाठच्या सपाट जमिनी उन्हाळ्यात फार मोहक दिसतात, म्हणून जागा पाहणी फक्त उन्हाळ्यात करू नये.

उंच टाकी किंवा संपर्क मनोरा असेल तर विमानतळाच्या उंची मर्यादेचा नकाशाही त्याच वेळी पाहून घ्या. होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये याच कारणाने पाडली गेली, ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

माळाचं वेळापत्रक

या जिल्ह्यात फाइल सर्वाधिक वेळा इथेच फसते, कारण सरकारी ऋतू आणि माळाचे ऋतू जुळत नाहीत.

पूर्ण अहवाल करायचा असेल तर पायाभूत माहिती एका ऋतूची घेतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. हवेचे नमुने आठवड्यातून २ वेळा, १२ आठवडे, म्हणजे प्रत्येक केंद्रावर २४ निरीक्षणं. अभ्यासाचं क्षेत्र जागेभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं. हवा, पाणी आणि आवाजासाठी हे ठीक आहे. पण सल्लागार मार्च ते मे या काळात येतो, त्याला करपलेलं कुसळी गवत आणि चार टिटव्या दिसतात आणि अहवालात "विशेष जैवविविधता नाही" असं वाक्य पडतं. माळरान जागं होतं ते जूननंतर. माळढोकाचा विणीचा काळ पावसाळ्यातला. तणमोरही आला तर तेव्हाच येतो. थंडीत भोवत्यांचे (स्थलांतरित शिकारी पक्ष्यांचे) थवे संध्याकाळी गवतात उतरतात. काळवीट आणि लांडगा बारमाही आहेत, आणि लांडगीण पिलं घालते ती हिवाळ्याच्या सुमारास. उन्हाळी सर्वेक्षणात यातलं बहुतेक सगळं निसटतं. मग फाइल वन्यजीव विभागाकडे गेली की तिथला अधिकारी एकच प्रश्न विचारतो: पावसाळ्यातली नोंद कुठे आहे? ती नसेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा.

म्हणून जैविक सर्वेक्षण हवेच्या नमुन्यांपासून वेगळं काढा आणि दोनदा करून घ्या: एकदा जुलै ते सप्टेंबर, एकदा डिसेंबर ते फेब्रुवारी. पहाटेच्या ठरावीक रेषांवर चालत मोजणी, भोवत्यांसाठी सूर्यास्ताच्या वेळची नोंद, आणि लांडग्यांच्या बिळांसाठी मेंढपाळांशी बोलणं. आसपासच्या वाड्यांवरच्या धनगरांना कुठल्या ओढ्यात लांडगीण बसते ते अचूक ठाऊक असतं. त्यांच्या मेंढ्यांच्या वाटाही त्याच फेरीत नकाशावर घ्या. कुंपणाने वाट तोडली तर हरकत तिथूनच येते, आणि ती रास्तही असते.

माळढोक अभयारण्य १९७९ चं. मूळचं ८,४९६ चौरस किलोमीटरचं क्षेत्र पुढे कमी करून १,२२२ वर आणलं, आणि ते सलग नाही. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वेगवेगळ्या तालुक्यांत त्याचे तुकडे विखुरलेले आहेत. अंतर अभयारण्याच्या नान्नज इथल्या कमानीपासून मोजून "आम्ही २५ किलोमीटरवर आहोत" असं लिहिणं व्यर्थ आहे. जवळच्या तुकड्याच्या हद्दीपासून मोजा, आणि तेही पुण्याच्या वन्यजीव विभागाने दिलेल्या डिजिटल हद्दीवरून. जागा अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात येत असेल, किंवा असं क्षेत्र अधिसूचित नसताना १० किलोमीटरच्या आत असेल, तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीचा रस्ता धरावा लागतो. माळढोक आता दिसत नाही, हा युक्तिवाद तिथे चालत नाही, अधिवास पाहिला जातो. बोरामणीच्या विमानतळाचा प्रस्ताव वनजमीन आणि माळढोक या दोन शब्दांत किती वर्षं अडकला, हे डोळ्यांसमोर ठेवावं.

आराखड्यात काय करता येतं? सुरक्षा भिंत अख्ख्या ४० हेक्टरभोवती न फिरवता इमारतींच्या गाभ्याभोवती घट्ट घ्या, बाहेरच्या मोकळ्या माळाला हलकं कुंपण ठेवा. सुरक्षा अधिकारी सुरुवातीला नाही म्हणतील. त्यांना भिंतीची वाचणारी लांबी आणि गस्तीची वाचणारी माणसं आकड्यात दाखवली की बोलणी पुढे जातात. जागेतली ११ केव्हीची लाइन भूमिगत करा, कारण माळढोकासारखे जड पक्षी तारा वेळेत चुकवू शकत नाहीत. परिघावरचे दिवे खाली रोखलेले आणि हालचालीवर चालणारे घ्या.

झाडांची अट हा इथला सर्वात उलटा प्रकार. मंजुरीच्या नेहमीच्या अटींत भूखंडाच्या दर ८० चौरस मीटरला १ झाड असतं. ४० हेक्टरला ५,००० झाडं. ती सरसकट माळावर लावली तर गवताळ अधिवास मंजुरीच्याच अटीने संपतो, आणि गिरीपुष्प किंवा सुबाभूळ लावली तर नक्कीच. ४ बाय ४ मीटर अंतराने ५,००० रोपांना ८ हेक्टर पुरतात. क्वार्टर, रस्ते आणि परेड ग्राउंडच्या कडेने कडुनिंब, हिवर, बोर, चिंच, करंज यांची दाट लागवड करा, आणि उरलेल्या माळावर मारवेल, पवना ही गवतं राखण्याचा प्रस्ताव अर्जातच मांडा. समितीसमोर हे आपणहून मांडलं तर मान्य होण्याची शक्यता चांगली असते, अट पडल्यावर बदलून घेणं मात्र जिकिरीचं.

पाणी

आपल्या छावणीत २०० कुटुंबं, प्रत्येकी ५ माणसं, अधिक ४०० जवान: १,४०० माणसं. माणशी १३५ लिटरने रोजचे १,८९,००० लिटर. त्यातले ४५ लिटर फ्लशिंगचे, म्हणजे ६३,००० लिटर प्रक्रिया केलेल्या पाण्यावर भागतात. ताजं पाणी उरलं १,२६,०००. सांडपाणी ८० टक्क्यांनी धरलं तर सुमारे १,५१,००० लिटर. फ्लशिंग वजा जाता सुमारे ८८,००० लिटर बाग, वाहनं धुणं आणि धूळ बसवण्याला मिळतात.

छतावरच्या पावसाबद्दल फार मोठे दावे करू नका. जिल्ह्याची सरासरी सुमारे ५४५ मिलिमीटर. १०,००० चौरस मीटर छतावर, ८० टक्के हाती लागलं असं धरून, वर्षाला ४३,६०,००० लिटर होतात. छावणीच्या गरजेत हे जेमतेम २३ दिवसांचं पाणी. "पावसाच्या पाण्यावर स्वयंपूर्ण" असं लिहिलेली फाइल समितीत हसू करून घेते. किमान एका दिवसाच्या ताज्या पाण्याइतकी साठवण आणि दर ५,००० चौरस मीटर बांधकामाला १ पुनर्भरण बोअर, म्हणजे आपल्याला ५, ही नेहमीची अट. पण काळ्या मातीचा गढूळ लोंढा थेट फिल्टर खड्ड्यात सोडला तर पहिल्याच हंगामात तो चोंदतो. आधी निवळण टाकी हवी. आणि खाली सलग कठीण बसाल्ट लागला तर बोअर पाणी घेतच नाही. त्यामुळे जागा भूजल सर्वेक्षण यंत्रणेला दाखवून, पाणी मुरण्याची चाचणी करूनच बोअरची ठिकाणं नक्की करा.

केंद्राच्या २०२० च्या भूजल मार्गदर्शक तत्त्वांनी सशस्त्र दलं आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या आस्थापनांना उपशाच्या ना-हरकतीतून वगळलं आहे. राज्य राखीव पोलीस दल त्या यादीत बसत नाही. हे दोन्ही एकच समजून केलेले अर्ज परत येतात.

छावणीचं एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) शहरातल्या सोसायटीसारखं चालत नाही. युनिट सरावाला गेलं की सांडपाणी अचानक घटतं, टाकीतले जीवाणू उपाशी मरतात. युनिट परतलं, वर नवी भरती आली, की दुप्पट भार येतो आणि काळं, वास मारणारं पाणी बाहेर पडतं. म्हणून १,५१,००० लिटरचं एकच यंत्र न घेता निम्म्या क्षमतेच्या दोन समांतर ओळी घ्या आणि आवक एकसारखी करणारी समतोल टाकी मोठी ठेवा. लंगराच्या मोरीला तेल अडवणारी टाकी, वाहन धुण्याच्या रॅम्पला तेल वेगळं करणारी टाकी, आणि हे दोन्ही प्रवाह एसटीपीच्या आधी. नाहीतर बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची) मर्यादा कागदावरच राहते.

माती, धूळ, राख

काळी माती फुगते, म्हणून पायाखालची उपसून मुरूम भरावा लागतो. १०,००० चौरस मीटरवर १.२ मीटर खोदलं तर १२,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ४,२४० ब्रास. सुटी झाल्यावर पाव पट फुगली की ५,३००. पाच ब्रासच्या हायवा डंपरने हजाराहून जास्त खेपा होतात. ही माती कुठे जाणार, हे अर्जात लिहावं लागतं आणि बहुतेक अर्जांत ते नसतं. वरचा सुपीक थर वेगळा रचून बागेसाठी ठेवा. उरलेली शेतकरी आनंदाने नेतात, पण तहसीलच्या परवानगीने. भरायला आणलेला मुरूम आणि खडी परवानाधारक खाणीतून आल्याच्या पावत्या जपून ठेवा. वाळूऐवजी क्रश सँड धरा, नदीतल्या वाळूचा उगम सिद्ध करणं कुणालाच सोपं नाही.

सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या, निकष न गाठलेल्या शहरांत आहे. शहरालगतच्या कामाला पाणी मारणं, ताडपत्री आणि चाकं धुण्याची जागा हे खर्चासकट अंदाजपत्रकात दाखवा. औष्णिक वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना राखेच्या विटा आणि साहित्य वापरणं २०२१ च्या अधिसूचनेनुसार बंधनकारक आहे, मात्र पोहोच किंमत पर्यायी मालापेक्षा जास्त नसेल तर. फताटेवाडीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र दाराशी असताना हा मुद्दा सोडण्यात अर्थ नाही.

फायरिंग रेंज असेल तर स्टॉप बट (गोळ्या अडवणारा मातीचा बांध) ओढ्याच्या उताराकडे ठेवू नका. गोळ्यांचं शिसं विम्लधर्मी काळ्या मातीत फारसं विरघळत नाही, पण पावसाने झिजलेल्या मातीबरोबर वाहून जातं. बटाच्या पायथ्याशी गाळ अडवणारा चर आणि ठरावीक काळाने शिसं चाळून काढण्याची तरतूद लिहा.

क्रम आणि गोपनीयता

सायटिंग बोर्डाच्या (जागा ठरवणाऱ्या मंडळाच्या) कार्यवृत्तातच वन, वन्यजीव, पूररेषा आणि क्षेत्रफळ यांवर एकेक परिच्छेद असावा, आणि सर्वेक्षणं, एसटीपी, भूमिगत लाइन यांचा खर्च अंदाजपत्रकाच्या पहिल्याच भागात. प्रशासकीय मंजुरीनंतर हे आठवलं तर सुधारित मंजुरीचा फेरा पडतो. नियमानुसार पूर्ण अर्जापासून छाननीला ६० दिवस आणि निर्णयाला ४५. पण त्रुटीचं पत्र आलं की घड्याळ थांबतं, म्हणून माळाच्या दोन्ही ऋतूंच्या नोंदी हातात आल्याशिवाय मंजुऱ्यांच्या परिवेश या सरकारी पोर्टलवर अर्ज टाकू नका. अर्जाच्या दिवशी ताजी अधिसूचना आणि न्यायालयीन आदेश पुन्हा वाचा, या भागात नियम वारंवार बदलतात.

पोर्टलवर चढलेला कागद लोकांना दिसतो. शस्त्रागार, संपर्क केंद्र आणि परिघाची मांडणी असलेले नकाशे त्यावर टाकण्याआधी आपल्या वरिष्ठ मुख्यालयाकडून ठरवून घ्या. साधारणपणे समितीला लागतं ते जागेचं क्षेत्र, उतार, पाणी, हिरवळ आणि एकूण बांधकाम. इमारतींना उपयोगाऐवजी क्रमांक दिले तरी छाननी होते.

मंजुरीआधी जागेवर फक्त जमीन सुरक्षित करण्यापुरतं काम चालतं: कुंपण आणि पहारेकऱ्यांच्या तात्पुरत्या शेड. पाया खणला की उल्लंघन. मंजुरी मिळाल्यावर ७ दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात, त्यातलं एक मराठी. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती, आणि इमारती वापरात येण्याआधी चालवण्याची संमती. सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयाशी बोलणं अर्जाआधीच सुरू केलेलं बरं.

सहामाही अनुपालन अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला जातो. बांधणारे अधिकारी तोवर बदली होऊन गेलेले असतात आणि राहणाऱ्या युनिटला अटींची यादीच माहीत नसते. हस्तांतराच्या कागदांत मंजुरीपत्राची प्रत, एसटीपी चालवणाऱ्याचा करार, राखायच्या माळाचा नकाशा आणि पुढच्या अहवालाची तारीख जोडा, आणि ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याची त्यावर वेगळी सही घ्या.